डावे पाऊल निर्दोष असल्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : केसपेपरवरील ‘डावे पाऊल’ खोडून तेथे ‘डावा अंडकोष’ लिहिण्याबाबत.
संदर्भ : नोंदणी खिडकीवर मी स्वतः उच्चारलेला ‘खाली’ हा शब्द.

महोदय,

१. अर्जदार निवृत्त शिंपी असून लोकांच्या पँटी कुठेही न काचता बसवण्यात त्याची हयात गेली. अलीकडे स्वतःचीच पँट डावीकडे काचू लागली. कापड आटले असे समजून शिवण उसवली, आतले कापड सोडले. पुन्हा सोडले. सोडायला कापड उरले नाही, तेव्हा दोष कापडाचा नाही हे ध्यानात आले. दुखत काहीच नव्हते.

२. खिडकीवरच्या बाईंनी काय होतंय विचारले. मागे रांगेत सुनेच्या वयाच्या दोघी उभ्या. मी ‘डावीकडे, खाली सूज आहे’ एवढेच म्हणालो. बाईंनी वाकून माझ्या चपलेकडे पाहिले आणि ‘डावे पाऊल’ लिहिले. पावलाचा एक्स-रे झाला, उत्तम निघाला. ‘जरा वर’ म्हटल्यावर घोट्याचा काढला, ‘अजून वर’ म्हटल्यावर गुडघ्याचा. योग्य मुक्कामी पोचण्याआधीच विभागाची वेळ संपली.

३. पुढच्या खेपेस एका तरुण डॉक्टरांनी पडद्यामागे नेले. आडवे केले, खोकायला लावले. सूज पोटात परत जाईना, तेव्हा हर्निया वाटत नाही म्हणाले. मग खोलीतला दिवा मालवून सुजेला बॅटरी लावली. आत नुसते पाणी असले तर कंदिलासारखे लाल उजळते म्हणे. कंदिलावरचे दोन-चार विनोद मी तयार ठेवले होते. ते म्हणाले, “आजोबा, उजेड आरपार जात नाहीये. गाठ असू शकते. सोनोग्राफी लांबवू नका.” ऐकून काही वाटले नाही. पट्टा बांधला, नेहमीच्या भोकात.

४. डॉक्टरांनी घाईत फक्त ‘सोनोग्राफी, तातडीने’ लिहिले. अवयवाच्या जागी आधीचे ‘डावे पाऊल’ तसेच राहिले. सोनोग्राफीच्या खोलीत त्यामुळे पावलालाच जेल चोपडले गेले. खुलासा केला असता, कागदावर नाही ते बघता येत नाही, असे उत्तर मिळाले.

५. अर्जदार थापाड्या म्हणून प्रसिद्ध आहे, हे तो नाकारत नाही. सर्कशीतल्या हत्तीला पँट शिवल्याची बातमी त्यानेच पसरवली होती. त्यामुळे न्हावी मित्राला खरे सांगितले, तरी तो म्हणाला, आज गाठ लिंबाएवढी म्हणतोस, परवा भोपळा करशील. घरी मंडळी मात्र माझ्यापेक्षा कागदावर विश्वास ठेवतात. पत्नी रोज संध्याकाळी मीठ घातलेल्या गरम पाण्यात माझे डावे पाऊल शेकते, आणि उतार पडतोय म्हणते. मी पाय पाण्यात ठेवून बसतो.

तरी नोंद त्वरित दुरुस्त करून सोनोग्राफी योग्य जागी व्हावी, आणि दुरुस्त कागदाची एक प्रत शिक्क्यासह माझ्या पत्नीच्या नावे घरी पाठवावी. एवढा संसार झाला, पण तो शब्द तिच्यापुढे माझ्या तोंडून निघत नाही. निघाला तरी तिला ती थापच वाटेल.

कळावे,
आपला,
वर उल्लेखिलेल्या पावलाचा मालक

सोबत : पाऊल, घोटा व गुडघा यांचे एक्स-रे (सर्व निर्दोष).