बाबांचा नवा कोट

बुखारेस्ट, १४ ऑक्टोबर १९९७

लाडक्या लुलुदी,

तू, भाओजी, पोरं खुशाल असाल, भट्टी पेटती असेल. मी बरा आहे. फक्त घसा बसलाय. रविवारी पुन्हा सभा होती.

तुझं पत्र पोचलं. बाबांना जाऊन वर्ष होतंय, त्या जेवणासाठी कोट, टोपी, बूट, सगळं नवं आणलंस. आपल्या रीतीप्रमाणे पंचांनी ठरवलंय की ते कपडे मी घालायचे, बाबांच्या जागी बसायचं, त्यांच्या वाटचं जेवायचं. "खांदे त्यांचेच आहेत तुझे, आता नखरे करू नकोस," असं लिहिलंस. तीन आठवडे मी उत्तर दिलं नाही. कामाचं निमित्त सांगणार होतो.

रविवारी मी गरजलो, "पाचशे वर्षं आपल्याला गुलाम म्हणून विकलं. साखळ्या कधीच तुटल्या, मग मान अजून खाली का? लोक जिप्सी म्हणून हिणवतात, पण आपण रोमा आहोत, हे छाती ठोकून सांगा!" टाळ्या थांबेनात. मला मात्र बाबाच दिसत होते.

दोन वर्षांपूर्वी ते न कळवता माझ्या सभेला आले होते. डोक्यावर ती रुंद टोपी, खांद्यावर तांब्याची कढई. माझ्यासोबत मंत्रालयातले लोक होते. दरवान म्हणाला, "साहेब, हा म्हातारा स्वतःला तुमचा बाप म्हणवतो."

मी म्हणालो, "ओळखत नाही. भांडी विकणारा असेल."

बाबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग दरवानाला म्हणाले, "खरंय साहेब. आम्हा कढईवाल्यांना सगळेच आपले वाटतात. घेता का ही? तुमच्या दातांपेक्षा जास्त टिकेल!" दरवान हसला. मी आत गेलो आणि तासभर बोललो. विषय होता, लाज सोडा.

बाहेर आलो तेव्हा कढई पायरीवर होती. बाबा नव्हते.

तुला ते यातलं काही बोलले नसतील. "पोरगा कामात होता," एवढंच म्हणाले असतील. पुढे भेटलो तेव्हा मीही विषय काढला नाही. आणि मग ते गेले.

मी येतोय. पण आधी पंचांपुढे, भरल्या ताटांपुढे हे सगळं सांगेन. त्यानंतर कोट दुसऱ्या कुणाला द्यावासा वाटला तर दे. मी दाराशी उभा राहीन. तरीही तो मीच घालावा असं ठरलं तर बटणं तू लाव. माझा हात त्याला लागणार नाही.

बाबांची ती कढई आणतोय. जेवणाचा रस्सा तिच्यातच शिजव.

कढईवाल्याचा थोरला,
बाल्वल