आईच्या रांजणातलं पाणी

दक्षिण हैती, नदीअलीकडची वस्ती
मंगळवार, १५ ऑक्टोबर, सकाळ

चि. गेर्दा हिस बाबांचे आशीर्वाद. वि. वि.

नदीवर बांधलेल्या दोरावरच्या बादलीतून हे पत्र धाडतो आहे. वादळात पूल गेला, फोनचा खांबही गेला. पलीकडे तुझी पिवळी टोपी दिसते, पण हाक पोचत नाही. पोरी, तुझी फाबी पहाटेपासून जुलाबाने गळून गेली आहे. सहा वर्षांचं लेकरू, डोळे पार आत गेलेत. वस्तीत ही चौथी. आम्ही पाणी तुझ्याच पाणी शुद्ध करायच्या यंत्राचं पितो, दुसऱ्याला हात लावत नाही. शेजारची क्लेर्सी टोमणे मारते, म्हणते ओनेलिसभाऊ, लेकीनं कारखाना काढला, शाळेत मास्तरीण झाली, आता वादळवाल्यांना वाचवते आहे, पण तिच्या पाण्याला दवाखान्याचा वास येतो तो आधी घालव म्हणावं. मी तिला गप्प केलं. कशी येशील ते मला कळत नाही, पण तू ये. मी चार इयत्ता शिकलेला माणूस, काय करू?

चुकलंमाकलं सांभाळून घे.
तुझे बाबा, ओनेलिस

पलीकडची छावणी, मंगळवार, दुपार

ती. बाबांस सा. न.

नदी उतरेपर्यंत कोणालाच येता येणार नाही. काल दोघे पाण्यात उतरले, एकच परत आला. बादलीत मीठ-साखरेची वीस पाकिटं आहेत. उरलेला कोळसा फाबीसाठीच जाळा. लिटरभर पाणी उकळून गार करा, त्यात एक पाकीट घाला आणि चमच्या-चमच्याने पाजा. ओकली तरी थांबू नका. इथे दोनशे आजारी आहेत, आणि मला माझ्याच लेकीच्या तोंडाशी चमचा धरता येत नाही.

चौघांनीही यंत्राचंच पाणी प्यायलं असेल, तर दोष यंत्रात आहे. ते मी बारा वस्त्यांना विकलं, विद्यार्थ्यांना तसंच बनवायला शिकवलं. पाच वाजता बाराही बंद करते आहे. अकरा वस्त्या या काठावर आहेत, तिथे जायला माझी शाळेची मुलं पाने-पक्कड घेऊन बसली आहेत; तुमचं तुम्ही बंद करा. मग लोक नदीचं पाणी पितील, तेही कळतं मला. म्हणून विचारते, खरं सांगा. यंत्राच्या नळाचं पाणी थेट पिता, की मध्ये कशात साठवता?

तिच्याजवळून हलू नका.
गेर्दा

मंगळवार, साडेतीन

चि. गेर्दा हिस,

यंत्र बंद करू नकोस. आधी हे वाच, मग काय रागवायचं ते रागव.

वास जावा म्हणून मी ते पाणी तुझ्या आईच्या रांजणात ओततो. संध्याकाळपर्यंत वास मरतो, पाणी गोड लागतं. बाकीचे तिघे आजारीही या रांजणातलंच पाणी नेत होते. तुझी आई सिलियाना गेल्यापासून सात वर्षं मी तो रांजण तळापर्यंत रिकामा केलेला नाही. शेवटची घागर तिने भरली होती. मी वरून ओतत राहिलो. वाटायचं, तळाशी तिच्या हातचं थोडं तरी असेल. वादळात नदी अंगणात शिरली, रांजण बुडाला. मी वरवरचा गाळ काढला. सगळी भांडी धुवा म्हणून तू चिठ्ठी पाठवलीस, तेव्हा धुतली असं कळवलं. खोटं लिहिलं. फाबीला ते पाणी मी पाजलं, गेर्दा. तुझ्या यंत्राने नाही.

लोभ तोडू नकोस, एवढंच मागतो.
बाबा

मंगळवार, साडेचार

ती. बाबांस,

मुलांना पाने खाली ठेवायला सांगितलं. तो वास जंतू मारणाऱ्या औषधाचा, क्लोरीनचा आहे; रांजणातल्या गाळात तो मेला की पाण्यात जंतू वाढतात. रांजण आत्ता लांब खड्ड्यात ओता, वर चुना टाका. यंत्रातून निघालेलं पाणी पुढे कुठे जातं, हे मी बारांपैकी एकाही वस्तीत विचारलं नव्हतं. आणि आईचा रांजण तर माझ्याच घरातला. पण मला राग आला आहे, बाबा. आज तो आवरत नाही. फाबीला लघवी झाली की कळवा, म्हणजे अंगात पाणी टिकतं आहे हे समजेल.

गेर्दा

बुधवार, सकाळ

चि. गेर्दा हिस आशीर्वाद.

रांजण उचलायला तीन माणसं लागली. तळाशी पानं आणि चिखल होता. दुसरं काही नव्हतं. क्लेर्सीने चुना टाकला.

फाबीला उजाडता-उजाडता थोडी लघवी झाली. वाचली असं मी लिहीत नाही, हिंमत नाही. मग तिने पाणी मागितलं. यंत्राचं, वासासकट दिलं. तोंड वाकडं करून म्हणाली, आजोबा, हे घाण आहे. पण गिळलं.

मी दोरापाशी उभा आहे. पत्र वाचलंस की टोपी हलव. रागावलेली असलीस तरी हलव.

बाबा