पिंपातला समुद्र

४ जाने.
प्रणालीचा फोन, होबार्टहून, ऑस्ट्रेलियाच्या पार दक्षिण टोकाकडून. भावाची मुलगी, तिकडे नर्स आहे. "आत्या, मे महिन्यात येच. आणि याच वर्षी. समुद्र तापतोय, केल्प दरवर्षी विरळ होतंय."
केल्प म्हणजे समुद्रातलं शेवाळ, पण माडाएवढं उंच. पाण्याखाली जंगलच उभं. अंबरनाथच्या कॉलेजात आयुष्यभर फळ्यावर काढत आले. जिवंत एकदाही पाहिलं नाही. हाताला कसं लागत असेल? पुस्तकात नाही.
दिवाळीत मालवणला डायव्हिंगचा कोर्स झालाय. पण ते पाणी कोमट.

८ जाने.
वि.ना सांगितलं. (नवऱ्याचं पूर्ण नाव या वहीत येत नाही, जुनी सवय.) म्हणाले, "शेवाळ बघायला एवढं लांब? गच्चीवरच्या टाकीत बघ की."
हसलो दोघं. पुढे त्यांनी वाद नाही घातला. हे जरा विशेषच.

१३ जाने.
थंड पाण्यात जाड रबरी सूट लागतो. तिकडे भाड्याने मिळतो म्हणे. पण प्रणाली हसत म्हणाली, "थंडीत सगळे त्यातच शू करतात गं आत्या. नंतर धुतात पण."
संपलं. लोकांचा सूट मी घालायची नाही. विकतचे माझ्या मापाचे नाहीत, उंची कमी आणि घेर जास्त.
उल्हासनगरला शिवून घेणार. तिथे शिवत नाहीत अशी वस्तू अजून जन्माला यायचीय.

१७ जाने.
घनशामभाईंकडे. मूळचे जीन्सवाले, आमच्या गॅदरिंगचे ड्रेसही तेच शिवतात. लॅपटॉपच्या पिशव्यांचं रबरी कापड काढलं. सूटचा फोटो उलटासुलटा करून पाहिला. "ये तो मछली का जीन्स है, साईं. हो जाएगा."
बजावून सांगितलं, कातडीसारखा घट्ट हवा. आत शिरलेलं थोडं पाणी अंगाच्या उबेने तापतं आणि तिथेच राहतं. सैल झाला की गार पाणी सारखं आत-बाहेर, मग बुडी विसरा.
"समझ गया दीदी."
माप त्यांच्या बायकोने आतल्या खोलीत घेतलं. वि. बाहेर त्यांच्याबरोबर चहा पीत बसले होते.

२५ जाने.
विहारात वंदनेनंतर बातमी फुटली. कमलताई शेजारीच बसतात. "एवढ्या लांब जाऊन मासे नुसते बघणार? खाणार नाही?" त्यांना खरंच वाईट वाटलं.

१ फेब्रु.
सूट आला. शिलाई एक नंबर. मागे दोन खिसे, जीन्ससारखे! पाण्याखाली रुमाल ठेवायला बहुतेक.
प्रयोग: गच्चीवर निळं पिंप, बर्फाची लादी फोडून टाकली, लॅबमधला थर्मामीटर. होबार्टइतकं गार झाल्यावर उतरले. शेजारची गच्ची प्रेक्षकांनी भरलेली.
पाठीतून गार पाण्याचा लोंढाच आला. दात वाजायला लागले. कमरेला मूठभर कापड सुटत होतं. वि. टॉवेल घेऊन तयारच उभे.
बाथरूममध्ये जाऊन रडले. पुढच्या वर्षी त्या जंगलातलं काय उरेल कोण जाणे. आणि माझ्यातलं तरी.

३ फेब्रु.
घनशामभाईंना झापायला गेले. ते शांत. "दीदी, साहबनेच बोला ना. लेडीज है, दो इंच ढीला रखो, टाईट में साँस अटकेगा. मैं बोला, मॅडमने मना किया है. वो बोले, मॅडम को मैं समझाता हूँ."
चहा पीत बसलेले साहेब!
घरी आले तर वि. कुकर लावत होते. विचारलं. आधी म्हणे, "चारचौघांत बरं दिसत नाही."
म्हटलं, खरं बोला.
गॅस बारीक केला. "वाटलं, थंडी वाजली की आपणहून नाद सोडशील. मी नको म्हटलं असतं तर तू गेलीच असतीस." मग, माझ्याकडे न बघता, "तुला काही झालं तर मी काय करू? मला सांग ना."
प्रचंड राग आलाय. एवढं जपून, एवढं गोड बोलून पाय ओढला माझा.

७ फेब्रु.
सूट कमरेत आत घ्यायला घनशामभाईंकडे टाकलाय. खिसे राहू देत म्हटलं. घरात अबोला. भाजीत मीठ कमी, कुणी बोलत नाही.

१५ फेब्रु.
पुन्हा पिंप. बर्फ वि.नी आणला, मी सांगितलं नव्हतं. सूट चढता चढेना. मागची झिप त्यांनीच ओढली, पार मानेपर्यंत.
पाणी मानेतून शिरलं, थांबलं, आणि हळूहळू तापलं! बर्फात बसून ऊब. वाचलेलं अंगावर खरं ठरतं तेव्हा काय वाटतं, ते मुलांना कसं शिकवायचं? डोकंही आत घातलं. निळं, नुसतं निळं.
वर आले तर वि. पिंपाची कड दोन्ही हातांनी धरून, चेहरा पांढराफटक. "तिथे किती वेळ असणार खाली?"
कमी करून सांगितलं.
मग, "तिथे बुडीला नेतात त्या होडीत बुडी न मारणाऱ्या माणसाला बसू देतात का गं?"
प्रणालीला मेसेज टाकलाय, उत्तर यायचंय. राग गेलेला नाही. पण ते तसा चेहरा घेऊन वर बसलेले असतील, तर मी खाली केल्प बघेन की होडी? तिने हो म्हणावं की नाही, माझं मलाच ठरवता येईना.