बटाटीचा बुधवार

२ नोव्हेंबर, सोमवार

पिंजरे आले. एक जाळीचा, एक काचेचा. ह्यांनी आणि शेजारच्या सुतारानं मिळून जिन्यावरून वर आणले, तेव्हा अख्खा मजला दारात उभा होता. वन्सं आज दवाखान्यात दाखल झाल्या. उद्या पोटाचं ऑपरेशन. त्यांच्या घरी हे जीव बघणारं दुसरं आहे कोण?

जाळीच्या पिंजऱ्यात दोन गिनिपिग. वन्सं ज्या प्रयोगशाळेत नोकरीला होत्या, तिथल्या. आता उपयोगाच्या नाहीत म्हणून काढून टाकणार होते, वन्संनी उचलून घरी आणल्या. एक तपकिरी, गोल – ती बटाटी. दुसरी झिपरी – ती लोकरी. आणि काचेच्या पेटीत पाल! पिवळी, अंगभर काळे ठिपके, शेपूट गाजरासारखी जाड. अर्धे मिटलेले डोळे, रजेचा अर्ज नामंजूर करणाऱ्यासारखे.

हे म्हणाले, "आणि हे साहेब."

मी खालीच बसले. इतकी वर्षं वन्सं आमच्याकडे येतात, चहा घेतात, आणि मी ताटं घेतली की उठतात. "नको वहिनी, साहेब वाट बघत असतील." मी कधी चौकशी केली नाही. म्हटलं, एकटी बाई, असेल कुणी, आपण कशाला विचारा. मनातल्या मनात त्यांच्या वतीनं देवाजवळ क्षमासुद्धा मागत आले. आणि साहेब हे!

ह्यांना ठाऊक होतं. मला वाटलं तुला माहीत आहे, म्हणाले.

साहेबांच्या पेटीखाली गरम राहणारी चटई आहे. ती दिवसरात्र चालू ठेवायची. दिवसरात्र! उन्हाची खिडकी काय वाईट होती? पण वन्संनी बजावून सांगितलंय – साहेबांचं अंग आपलं आपण तापत नाही, पोटाला ऊब नसेल तर खाल्लेलं पचत नाही. मॅट्रिकला मला शास्त्र होतं. त्यात बेडूक होता, चटई नव्हती.

३ नोव्हेंबर

ऑपरेशन पार पडलं. देव पावला.

साहेबांनी दोन अळ्या खाल्ल्या. जिवंत अळीला मी हात लावणार नाही हे आधीच सांगून टाकलं होतं. ह्यांनी चिमटा धरला, तोंड भिंतीकडे करून. अळी साहेबांच्या नाकाशी न जाता पाण्याच्या वाटीत. मग मलाच "जरा डावीकडे, अहो, डावीकडे" करावं लागलं. म्हणजे पापात मीही आलेच.

४ नोव्हेंबर, बुधवार

आजपासून बुधवार धरला. वन्सं बऱ्या होऊन दवाखान्यातून बाहेर येईपर्यंत दर बुधवारी पाण्याशिवाय काही नाही. देवाजवळ बोलले. ह्यांना सांगितलं नाही, पोट जड आहे म्हटलं. वन्संना तर मुळीच सांगायचं नाही. हसतील. देवाचं नाव काढलं की म्हणतात, "आमची ओळख नाही."

६ नोव्हेंबर

फ्रीज उघडला की दोघी शिट्ट्या मारतात. दुधासाठी उघडला तरी शिट्ट्या! ह्यांना इतक्या वर्षांत माझ्या येण्याजाण्याचा एवढा पत्ता लागला नाही.

हिशेबाच्या वहीत 'प्राणी' असं नवं सदर उघडलंय. पण खरं सांगायचं तर भाजीतलं काही वाया जाईनासं झालं. कोथिंबिरीच्या काड्या, काकडीची टोकं, गाजराचा पाला, सगळ्याला गिऱ्हाईक आहे. ढोबळी मिरची तेवढी मुद्दाम आणावी लागते. त्यातलं एक जीवनसत्त्व त्यांच्या अंगात तयार होत नाही.

८ नोव्हेंबर, रविवार

दवाखान्यात गेले. वन्सं उशीशी टेकून बसल्या होत्या. हात किती बारीक झालेत. आधी साहेबांची शेपूट विचारली. चांगली जाड आहे म्हटलं. "मग ठीक. सगळी बचत तो शेपटीत ठेवतो. तुमचं जमेल त्याच्याशी."

ताट झाकलेलंच होतं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, कालचंही तसंच परत गेलं. परिचारिकेनं मला बाहेर बोलावलं. टाके चांगले आहेत, आता मऊ खायला काही हरकत नाही, पण ह्या खातच नाहीत. असं चाललं तर जखम भरणार कशी?

आत येऊन म्हटलं, वन्सं, चार घास घ्या. कशाची चवच लागत नाही, म्हणाल्या. मग त्यांनीच, गवत कुठून आणता ते विचारलं.

९ नोव्हेंबर

साहेब पांढरे पडले! वन्संना फोन केला. "कात टाकतोय. ओला बोळा ठेवा पेटीत, आणि बोटं सुटतात का बघा." खुर्ची घेऊन बसले. हातमोजा काढावा तशी त्यांनी कात काढली. आणि खाऊन टाकली! अख्खी. जुनं अंगावरचं उतरवलं आणि जेवण भागवलं. इतकी काटकसर मलाही जमलेली नाही.

११ नोव्हेंबर, बुधवार

दुसरा बुधवार. सकाळी फ्रीज उघडला तर एकच शिट्टी. लोकरीची. बटाटी कोपऱ्यात अंग आखडून बसलेली. मिरची पुढे केली, हुंगली आणि तोंड फिरवलं. गवत तसंच. दुपारीही तसंच.

मला हसू आलं. म्हटलं, हिनंही माझ्याबरोबर बुधवार धरला. मुक्या जिवालाही कळत असेल. दिवसभर बरं वाटलं, घरात सोबत असल्यासारखं. तिची मिरची लोकरीला घातली.

१२ नोव्हेंबर

लिहवत नाही.

सकाळी बटाटी तशीच होती. पिंजऱ्यात तिच्या बाजूला लेंडी एक नाही. टोपलीत घालून, चादर पांघरून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांच्या हातांवर ओरखडेच ओरखडे, स्वेटरला सशाचे केस. कधीपासून खात नाही, विचारलं. म्हटलं, काल सकाळपासून. मग काल का नाही आणलं?

"काल बुधवार होता," मी म्हणाले.

त्यांना कळेना. सगळं सांगितलं. पेन खाली ठेवलं त्यांनी. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "ह्यांचं पोट सतत चालू राहावं लागतं, बाई. एकदा थांबलं की पुन्हा सुरू करणं कठीण. ह्यांना उपास नसतो."

मागचा दात वाढून जिभेत रुतत होता. गुंगी देऊन तो घासला. म्हणजे तिला खायचं होतं. खाता येत नव्हतं. मी त्याला उपास म्हटलं!

आता गवताची पूड पाण्यात कालवून पिचकारीनं भरवायची, दोन-दोन तासांनी. जगेल का, विचारलं. उद्या-परवा लेंडी दिसली तर जगेल, म्हणाले. निघताना म्हणाले, दुसरीला वेगळं ठेवू नका. शेजारी बसून कुणी खाताना दिसलं की ह्या चघळायला लागतात.

वन्संना काय तोंड दाखवू? देवाजवळ बसले, पण आज काही मागवेना.

१३ नोव्हेंबर

टॉवेलात गुंडाळायची, मांडीवर घ्यायची, पिचकारीचं टोक गालातून आत. समोरून नाही. पहिल्यांदा सगळं माझ्या लुगड्यावर. घाई केली की थुंकते. थेंबभर सोडायचा आणि थांबायचं. जबडा हलेपर्यंत थांबायचं. मी कधी कुणाला इतकं सबुरीनं भरवलं नाही, पोटच्या लेकीलाही नाही.

लोकरीला पुढ्यात बसवलं. ती आपली करकर गवत खातेय. बटाटी तिच्याकडे बघतेय.

हे मधेच येऊन म्हणाले, "घास भरवतेस की मुलाखत घेतेस?" पण रात्रीची एक पाळी ह्यांनी केली, मला उठवलं नाही.

१४ नोव्हेंबर

लेंडी! बारकी, वाकडी, पण लेंडी!

ह्यांना हाक मारून दाखवली. चष्मा लावून बघितली ह्यांनी. "अभिनंदन," म्हणाले, आणि हात धुवायला गेले, हात लावला नव्हता तरी. लेकीच्या लग्नानंतर घरात एवढा आनंद पहिल्यांदाच.

१५ नोव्हेंबर, रविवार

संध्याकाळी बटाटीनं आपण होऊन एक काडी उचलली. लोकरीच्या तोंडातली, ओढून घेऊन. भांडण झालं. बरं वाटलं.

दवाखान्यात वन्संना सांगून टाकलं. फोनवर सांगायची हिंमत झाली नव्हती. बटाटीनं बुधवार धरला असं मी समजले, हेही सांगितलं. मला वाटलं, आता तोंडही बघणार नाहीत. त्या हसल्या. टाक्यांवर हात दाबून हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "माझ्या बटाटीला बाटवलंत, वहिनी."

मग विचारलं, "पण बुधवार कधीपासून? तुमचा तर कुठलाच वार नव्हता."

खोटं बोलायचं मनात आलं. जमलं नाही. म्हटलं, तुमच्यासाठी.

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. ताट आजही झाकलेलं.

१६ नोव्हेंबर

वन्संच्या डॉक्टरांनी ह्यांना बोलावून सांगितलं – दोन दिवस बघू, नाहीतर नाकातून नळी. वजन उतरत चाललंय. घरी सोडायचं नावच नाही. हे घरी येऊन साहेबांच्या पेटीपुढे नुसते बसून राहिले. नंतर एकट्यानं चिमटा धरला. तोंड समोर ठेवून.

१७ नोव्हेंबर

मऊ भात नेला, तूप घालून. शेजारी बसले. पिचकारीसारखंच करायचं ठरवलं होतं – थोडं द्यायचं, थांबायचं. चमचा ओठांपर्यंत नेला. वन्संनी ओठ मिटून घेतले.

"मी बटाटी नाही."

म्हटलं, ती तुमच्यापेक्षा शहाणी आहे. खाते.

"तिच्या पुढ्यात लोकरी असते." मग हळूच, भिंतीलाच सांगितल्यासारखं – "मी इतकी वर्षं एकटी जेवते. साहेबांच्या पेटीसमोर ताट घेऊन. तो अळी गिळतो, मी पोळी. इथे ताट येतं, सगळे आपापल्या ताटात. घास फिरतो तोंडात. आणि तुम्ही तिकडे माझ्या नावानं उपाशी राहता. ते कसं गिळू मी?"

मी म्हटलं, देवाला शब्द दिलाय.

"उद्या बुधवार ना? उद्या या. माझ्यासमोर बसून जेवा. मग बघू."

उठून आले. राग आला होता. असं कुणी मागतं का? शब्द मोडला आणि त्यांनाच काही झालं तर? तो दोष कुणाच्या माथी? ह्यांना विचारावं म्हटलं, पण ह्यांना बुधवारच माहीत नाही.

बटाटीला गवत घातलं. आता पिचकारी नको झाली, नुसतं लोकरीला शेजारी बसवलं की खाते. दोघींची करकर चाललीये. मी पिंजऱ्यापाशी बसून लिहितेय. बटाटीचा तो उपास नव्हता हे मला एका दिवसानं कळलं. वन्संचं तरी दुसरं काय आहे?

देवा, तूच बघ.

१८ नोव्हेंबर, बुधवार

देवाजवळ उभी राहिले. बोलायचं ते पाठ केलं होतं, बोलले नाही. नुसता नमस्कार केला.

भात दोघींपुरता नेला. पहिला घास मी घेतला. त्या बघत होत्या. मी चावत राहिले, सावकाश.

वन्संनी चमचा मागितला.