पुराची रेघ

ठकीच्या आजोबांना पाया पडून नमस्कार.

लेकीने सगळं गाव दाखवलं. किल्ला, दगडी पूल, पाय दुखेस्तोवर हिंडले. फार मजा आली हो! तुमचे गुडघे कसे आहेत?

तिच्याच गल्लीत घड्याळाचा जुना मनोरा आहे. त्याच्या भिंतीवर पुराच्या रेघा कोरल्यात. सगळ्यात मोठ्या पुराची रेघ माझ्या डोक्याच्याही वीतभर वर! जावई हसले, "आई, आता नाही येत एवढं पाणी."

लेकीची खोली तळमजल्यावर आणि ठकीचा पाळणा जेमतेम माझ्या कमरेइतका उंच. माझं चित्त थाऱ्यावर नाही. वरची खोली रिकामी आहे, पण मी बोलले तर जावयांना ती सासूची कटकट वाटते. जावई तुमचं ऐकतात. पावसाच्या आधी त्यांना लिहा. मी सांगितलं म्हणून मात्र लिहू नका.

ठकीची आजी