सरकारदप्तरी अंगठेबहाद्दर

धाकट्या,

काल तू माझं पेन्शनचं ऑनलाइन खातं उघडून दिलंस. मी शेजारी बसून मोबाईलवरचं सगळं वाचत होते, ते तुझ्या ध्यानातही आलं नाही. 'अर्जदारास लिहिता येत नाही' या ओळीपुढे तू खूण केलीस. मी म्हटलं, "अरे, मला सही येते." तर म्हणालास, "आई, तुझी सही होईपर्यंत संध्याकाळ होईल. अंगठा बरा." सूनबाईही हसली.

म्हणजे सरकारदप्तरी मी आता मरेपर्यंत अंगठेबहाद्दर.

तुझी लेक पहिलीत होती तेव्हा तिच्या शेजारी बसून मी अक्षरं गिरवली. दवाखान्याच्या चादरी धुऊन बोटं वाकडी झाली होती, तरी गिरवली. तू तेव्हाही हसलाच होतास.

ती खूण काढून घ्यायला मी पेन्शन कचेरीत चालले आहे. साहेबासमोर बसून सही करीन. संध्याकाळ झाली तर होऊ दे. जेवण झाकून ठेवलंय, तुझं तू वाढून घे.

आणि मी आल्यावर ही चिठ्ठी कुणाकडून लिहून घेतली, असं तेवढं विचारू नकोस.

आई