लाइन चोख आहे

९ फेब्रुवारी, रविवार

परत अडकलं! आई कप तोंडाशी नेत होती आणि तिथेच चित्र थिजलं. डोळे उघडे, कप अधांतरी. मी इकडून "आई, ऐकू येतंय का, आई" करून घसा कोरडा केला. मग एकदम हलली आणि म्हणते, "काय म्हणत होतीस गं?" मी गळक्या नळाबद्दल सांगत होते. सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

आठवड्यातून एकदा तिचा चेहरा दिसतो. ती तिकडे एकटी, रेल्वेने पूर्ण रात्र आणि वर अर्धा दिवस. इथे माझ्या ऑनलाइन शिकवण्या. जाणं होतं ते वर्षातून एकदा. म्हणून तर दोन्ही घरच्या नेटचे पैसे मी भरते. आणि मिळतं काय? आईचा पुतळा!

१० फेब्रुवारी

कंपनीला फोन. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" हे त्या बाईने इतक्यांदा सांगितलं की शेवटी मलाच तिची कीव आली. मग एक माणूस — "मॅडम, बंद करून चालू केलंत का?" केलं हो! एक आई सोडली तर घरातलं सगळं बंद करून चालू केलं.

१२ फेब्रुवारी

वर दर वाढवलेत. म्हणे पहिल्या वर्षाची सवलत संपली. चोर तो चोर, वर शिरजोर! हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तरी पूर्वीपेक्षा स्वस्तच आहे." ह्यांना कंपनीचा भारी पुळका.

खरं आहे म्हणा. लग्नानंतर पहिला मॉडेम घेतला तेव्हा तासावर पैसे होते. ह्यांच्या पगाराचा लचकाच तोडायचा तो. आधी शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा किंचाळायचा, मग कुठे जोडला जायचा. नेट चालू की घरचा फोन बंद. आई तिकडून फोन लावून लावून वैतागायची — "कुणाशी बोलत असतेस एवढी?" नेट न लावताच पत्र टाइप करून ठेवायचं. मग जोडायचं, धाडायचं, तोडायचं. आणि वेग म्हणाल तर मुंगी पुढे जाईल.

लेक झाली तेव्हा तिचा फोटो पाठवला होता. आई बघायला कॅफेत गेली. फोटो वरून पट्टी पट्टी करत खाली उतरतोय — कपाळ, भुवया, डोळे... नाकापाशी आला आणि कॅफेवाल्याने दुकान बंद करायला घेतलं. घरी येऊन तिचा फोन — "नाकापर्यंत बघून आले. नाक आपलंच आहे!" त्या नाकावर महिनाभर खूश होती.

मग ते 'अमर्याद' आलं, ज्याची मर्यादा वीस तारखेलाच संपायची. पुढचे दिवस गोगलगाय. मग फायबर. आता निम्म्या पैशात शंभरपट वेग देतात म्हणे. आणि मला आईचं एक वाक्य सलग ऐकायला मिळत नाही!

१६ फेब्रुवारी, रविवार

दोनदा अडकलं. दुसऱ्यांदा मी ओरडलेच. "अगं, त्या आतल्या खोलीत कशाला बसतेस? बाहेर राउटरजवळ बस ना!" तर म्हणे, इथे भिंतीला पाठ टेकता येते.

२० फेब्रुवारी

उद्यासाहेब आले एकदाचे. आमचा वायरमन. कधीही फोन करा, "उद्या येतो ताई", म्हणून ह्यांनी हे नाव ठेवलंय. यंत्र लावून बघितलं. "कबूल केल्यापेक्षा जास्त वेग येतोय, ताई. पलीकडे बघा."

तेही पटलं. शिकवणीतली मुलं कधी म्हणत नाहीत, बाई अडकल्या. अडकल्या तर बरं, असंच वाटत असेल मेल्यांना. तेव्हा खोट आईच्याच बाजूला.

२५ फेब्रुवारी

तिकडचा वायरमन आईकडे जाऊन आला. आईच्या फोनवरून माझ्याशी बोलला. "लाइन चोख आहे." मी म्हटलं, चोख आहे तर दर रविवारी माझ्या आईचा पुतळा का होतो? तर म्हणतो, "ते मी कसं सांगणार, ताई?" उर्मट! तक्रार नोंदवली त्याची.

आईने त्यालाही चहा पाजला. कप फुटला म्हणाली. "हातातून कसा सुटला, कळलंच नाही बाई." मागच्या आठवड्यातही एक फोडला. चांगला सेट होता.

२ मार्च, रविवार

चोर सापडला!

आई बोलता बोलता बोलून गेली. वरच्या मजल्यावरची शिंपीणबाई आईचंच नेट वापरते! रोज संध्याकाळी शिवण घेऊन खाली येते, मालिका लावते आणि दोघी बघत बसतात. "तिचं कधी अडकत नाही गं," आई म्हणाली. अडकेल कशाला? सगळा वेग तीच ओढतेय! पैसे मी भरते आणि आयजीच्या जिवावर बायजी उदार. वर ती आईची थट्टा करते म्हणे — "तुम्ही तर डोळे उघडे ठेवून झोपता हो!"

इथूनच पासवर्ड बदलून टाकला. आईला बजावलं, कुणाला द्यायचा नाही. ती म्हणाली, "अगं, सोबतीला येते ती."

मी म्हटलं, येऊ दे की! सोबतीला पासवर्ड लागतो का?

७ मार्च

शिंपीणबाई रविवारपासून खाली उतरली नाही, असं आई म्हणाली. बघा! नेटसाठीच येत होती. मी ह्यांना तसं म्हटलं तर हे म्हणाले, "किंवा अपमान झाला असेल तिचा." ह्यांच्याकडे प्रत्येकाची बाजू तयार असते, माझी सोडून.

९ मार्च, रविवार

अडकलं. पासवर्ड बदलूनही अडकलं! आणि आज नेहमीपेक्षा जास्त वेळ.

माझा तोल गेला. आई हलल्या हलल्या म्हटलं, "तुझ्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं परवडलं!" ती कावरीबावरी झाली. "माझंच काहीतरी चुकत असेल. मला मेलीला ही यंत्रं जमत नाहीत. रागावू नकोस, पुढच्या रविवारी त्या डब्याजवळ बसते."

संध्याकाळभर चुटपुट लागून राहिली. नेटचा राग तिच्यावर कशाला काढायचा? पण मग काढायचा कुणावर!

१३ मार्च

सगळ्यात महागडा प्लॅन घेतला. दोन्हीकडे. ह्यांनी बिल बघितलं आणि परत पेपर उघडला. टोमणा परवडला असता.

१६ मार्च, रविवार

आई शब्दाप्रमाणे बाहेरच्या खोलीत बसली होती, राउटरला खेटून. ठेवणीतले कपडे. एरवी तिच्यामागे कोरी भिंत असते, आज उघडी खिडकी होती. "आता बघ, मुळीच अडकायचं नाही," म्हणाली. आणि थिजली. डोळे उघडे, कप अधांतरी.

मी शिवी द्यायला तोंड उघडलं. तर तिच्यामागचा पडदा हलला. रस्त्यावरून एक सायकल गेली, खिडकीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, सरळ. कपातला चहा धार लागून तिच्या मांडीवर सांडत होता आणि ती हलत नव्हती.

नेट चालू होतं. अडकली होती ती आई. एवढे सगळे रविवार. आणि मी त्या वायरमनची तक्रार केली!

लॅपटॉपवर आई तशीच ठेवली आणि फोनवरून शिंपीणबाईंना लावला; अडीअडचणीला म्हणून आईने त्यांचा नंबर कधीच देऊन ठेवला होता. घाईत दोनदा चुकीचा लागला. "आईकडे बघा हो," एवढंच जमलं. त्या काही विचारत बसल्या नाहीत. जिन्यावर चपला वाजल्या, दार ढकललं गेलं, आणि गळ्यात टेप लटकलेल्या शिंपीणबाई चित्रात आल्या. त्यांनी आईच्या हातातून कप अलगद काढून घेतला, आपला पदर पाण्यात भिजवून तिच्या मांडीवर दाबला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मग आई हलली. त्यांना बघून केवढी हसली! आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काय म्हणत होतीस गं?"